वडिलांचं नाव

समीरचा नमुना पाठ संपला तेव्हा नववीच्या पोरांनी बाकं वाजवली. मराठीच्या शिक्षकाची जागा भरलीच, असं धरून संस्थेच्या अध्यक्षांनी ऑफिसात चहा मागवला.

"देशमुख म्हणजे तू आपलाच की रे! सोमवारपासून ये. संध्याकाळी पक्षाच्या कचेरीतही डोकावत जा." त्यांनी अर्ज उचलला. "समीर आर. देशमुख. वडिलांचं नाव काय, रमेश?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण लहानपणी 'ण'चा 'न' झाला की कान पिळणारे वडील समीरला आठवले.

"रशीद," तो म्हणाला.

अध्यक्षांनी पुढे केलेली कपबशी टेबलाच्या मध्यावरच थांबली.

"अस्सं. कळवू आम्ही." मग ते हसले. "मराठी मात्र छान बोलता हं तुम्ही!"