टाकी रिकामी करताना

दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी हिंगणघाटात अच्युत देशकरांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची बायको शरयू होती, हिमाचलमधल्या लाहौलच्या एका गावात. तिथली वीज गेली होती आणि उद्या दुपारपर्यंत येणार नव्हती. रात्री पारा उणे चौदावर जाईल असा अंदाज होता.

"म्हणजे गाडीतल्या पाइपांचा हीटर बंद," अच्युत म्हणाले. "पाणी काढावं लागेल. सगळं. उजेड किती आहे?"

"अर्धा तास. फार तर पाऊण."

गाडी त्यांनी स्वतः बांधली होती. जुनी स्कूलबस, आत दोन पलंग, ओटा, मोरी, कमोड. तिच्याच टपावरून पडून पाय मोडला नसता तर आज तेही तिथे असते. त्यांनी शरयूला आणि मुलाला, निशांतला, पुढे पाठवलं. मुलगी नमिता त्या गावातल्या शाळेत शिकवत होती. तिच्या एका खोलीचा संडास बाहेर होता, बावीस पायऱ्या उतरून. शरयूचे गुडघे पाहता ते रोजचं जमणारं नव्हतं. गाडीतलं पाणी चालू राहिलं तर ती महिनाभर लेकीजवळ राहणार होती. पाइप फुटले तर परवा परत.

प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून अच्युतांनी गाडीच्या नळांचा नकाशा मांडीवर उलगडला. कापड गिरणीत एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या आणि वाफेच्या लाइनी सांभाळल्या होत्या.

"निशांतला दे फोन."

"त्याला काय कळतं त्यातलं? तो बॅटरी धरून उभा आहे. गाडी बांधताना आठ महिने मी धरली, आता त्याची पाळी."

"आई, माझी बोटं गेली," मागून आवाज आला.

"मग हात बदल."

"पहिलं म्हणजे मोठ्या टाकीचा…"

"लाल कॉक. उघडला. पाणी गेलं."

"गिझरचं…"

"खालचं बूच काढलं. अहो, पुढचं विचारा. सांडपाण्याची आणि संडासाची टाकी दुपारीच नमिताच्या घरमालकांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी केली. निशांत तेव्हापासून जेवला नाही."

अच्युतांनी नकाशावर बरोबरच्या खुणा केल्या.

"मोरीत गुलाबी औषध?" न गोठणारं ते औषध त्यांनी मुद्दाम मागवलं होतं. किती ओतायचं त्याची चिठ्ठीही कॅनवर चिकटवली होती.

"दोन कप मोरीत, दोन कमोडमध्ये. चिठ्ठी वाचता येते मला."

"पंप कोरडा चालवला?"

"खडखड वाजेपर्यंत."

घरकामाच्या मंदाबाई चहा घेऊन आत आल्या. "साहेब, किती येळचे बाईले दटावून राह्यले तुमी! तिले जरा दम तर घेऊ द्या."

"दटावत नाई, मंदाबाई. तपासून राहिलो."

"तेच ते," मंदाबाई म्हणाल्या आणि कप नकाशावर ठेवला.

कप बाजूला सरकवून अच्युतांनी शेवटच्या चौकोनावर पेन नेलं. "म्हणजे टाकी आता पूर्ण कोरडी."

पलीकडे शरयूनं निशांतला बॅटरी नीट धरायला सांगितलं.

"शरयू?"

"एक तांब्या ओतलाय."

"कुठे?"

"टाकीत. लाल कॉक बंद करून." मग ती भराभर बोलू लागली. "आज रात्री आम्ही दोघं नमिताच्या खोलीत झोपणार. घर बंद करून निघताना आपण पाण्याचा गुंड भरून ठेवतोच ना? हेही घरच आहे. अगदीच ठणठणीत कोरडं टाकून जायला मन होईना."

निशांत हसला. अच्युत हसले नाहीत. टाकीतलं तांब्याभर पाणी उतारानं थेट पंपात जातं, आणि पंपाचं प्लास्टिक फोडायला तेवढं पुरतं. हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते. गेली सदतीस वर्षं प्रत्येक गावाला जाताना ते रिक्षात बसून ओरडायचे, आणि आत शरयू गुंड भरत असायची. एकदा तिच्यापायी आगगाडीही चुकली होती. गुंड न भरता ती कधी निघाली नव्हती.

"लाल कॉक परत उघड," ते म्हणाले. "पंप परत चालव. एक मिनिट, घड्याळ लावून. आणि तो तांब्या भरून ओट्यावर ठेव."

"ओट्यावर?"

"पाऊणच भर. गोठलं की पाणी फुगतं. तांब्या तडकायला नको."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "चहा प्या. निवला असेल."

पंप सुरू झाल्याचा आवाज आला. अच्युत सेकंद मोजू लागले. एकविसाव्या सेकंदाला फोन तुटला. रात्री तो लागला नाही.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मेसेज पोचला. रात्री पारा उणे सोळापर्यंत गेला होता. खाली शरयूनं लिहिलं होतं, "एकाही नळाला कुणाला हात लावू दिलेला नाही. वीज आली की पाणी भरीन, पण तुमच्यासमोर. रेंज मिळाली की व्हिडिओ लावते. तोवर थांबते."

अच्युतांनी दाढी केली. मंदाबाईंकडून इस्त्रीचा शर्ट मागून घेतला.

"कुठं जाऊन राह्यले साहेब, असा पाय घेऊन?"

"कुठंच नाई," ते म्हणाले आणि फोन समोरच्या टेबलावर, भिंतीला टेकवून, उभा केला.

दुपारी सव्वादोनपर्यंत तो वाजला नव्हता आणि अच्युत त्याच्यासमोरून हलले नव्हते.