उतू जाणारं दूध

शीळफाट्याच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश. आईने नव्या गॅसवर दूध ठेवलं. ते फुगून वर आलं आणि माझ्या स्पॅनिश बायकोने, इनेसने, धावत येऊन गॅस बंद केला.

"अरे देवा! मुद्दाम उतू जायला ठेवलेलं ते. सांग रे तिला," आई म्हणाली.

मी इनेसला 'देरामार' म्हटलं, म्हणजे सांडणं. ती म्हणाली, सांडू नये म्हणूनच तर धावले. मग मी 'सालिर्से' म्हटलं, म्हणजे भांड्याबाहेर येणं. ती म्हणाली, हो, तेच अडवलं मी. वर शाबासकीच्या आशेने आईकडे बघितलं.

"आई, उतू जाणं म्हणजे नक्की काय गं?" मी वैतागून विचारलं.

"घरात मावणार नाही एवढं असणं."

"रेबोसार!" मी ओरडलोच. इनेसचा चेहरा खुलला. तिनेच गॅस पुन्हा पेटवला.

दूध काठाशी आलं, तसा आईचा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला. इनेसने तो मधेच पकडला आणि दूध ओट्यावर उतरेपर्यंत सोडला नाही.