दहिवलीच्या घरातली हाक

टेंपोत शेवटचं कपाट चढलं आणि रूपालीने दहिवलीच्या भाड्याच्या घराला कुलूप लावलं. शेलू गावात त्यांचा स्वतःचा फ्लॅट झाला होता. तिचा नवरा विकास सामानावर दोर आवळत होता. चार वर्षांची जिजा चपला घालून अंगणात उभी होती.

"जिजा, ये गं बाळा. वरणभात कालवलाय."

हाक घरातून आली होती. आवाज रूपालीचाच होता.

ती जागच्या जागी थिजली. रिकाम्या खोल्या तिने आत्ताच झाडून काढल्या होत्या.

"अहो, तुमी ऐकलं का?"

"काय गं? चल लवकर, ऊन चढतंय."

हाक पुन्हा आली, तशीच सावकाश, लाडाची. आवाज आपलाच, यात तिला शंका नव्हती. पण इतक्या मायेने आपण पोरीला कधी हाक मारली, ते काही केल्या आठवेना. या घरात सगळे दिवस कामावर पळण्यात गेले आणि त्या घाईत जिजावर ओरडण्यात. शेलूला गेलो की नीट वागू, असं ती रोज स्वतःला सांगायची.

"चल, टेंपोत बस," तिने जिजाचा हात धरला. आवाज नेहमीसारखाच करडा निघाला.

जिजाने तिच्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. हळूच तिने आपला हात सोडवून घेतला.

"मला आई बोलावते," ती म्हणाली. तेवढ्यात दाराची आतली कडी निघाल्याचा आवाज आला.