श्रेयांस, सातवी पास

शाळा सुटलेल्या मुलांची यादी करत शिंदेबाई निपाणीतले तंबाखूचे व्यापारी नेमगोंडा आप्पा यांच्या बंगल्यात आल्या. सून राजमतीनं चहा दिला.

"तुमच्यासारख्यांच्या घरी काय विचारायचं? पण लिहावं लागतंय. मुलं किती?"

"दोन," राजमती धीर करून म्हणाली. "श्रेयांस थोरला. धाकटी पद्मजा दुसरीत होती, तवा वर्गातच तिला फिट आली आणि..."

"देवानं नेली तिला," आप्पा शांतपणे म्हणाले. "एकच लिहा बाई. श्रेयांस, सातवी पास."

बाईंनी हळहळत तसं लिहिलं. राजमतीनं सासऱ्यांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं रिकामा कप उचलला.

वरच्या खोलीत, आईनं सकाळीच वेणी घालून तयार केलेली पद्मजा बाईंच्या हाकेची वाट बघत बसली होती.