ताटामागचे बारा शब्द

बाजार तीनदा आपटला, बरोबरच्या पोरांनी विकून टाकलं, पण युवराजनं छातीवर दगड ठेवून आपलं बिटकॉइन सांभाळलं. मोबाइल गेला तरी ते परत मिळवून देणारे बारा इंग्रजी शब्द कागदावर ठेवले तर उंदीर खातील, म्हणून त्यानं ते करमाळ्याच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या एका ताटामागं कोरून घेतले.

"नाव कुणाचं घालू?" दुकानदारानं विचारलं.

"नाव नको." ताट कुणाचं, हे चोराला कशाला कळायला हवं? घरी येऊन त्यानं ते बाकीच्या ताटांत मिसळून ठेवलं.

परवा उजनीच्या काठावर मोटर चालू करताना मोबाइल पाण्यात गेला. युवराज शीळ घालतच घरी आला. मांडणीवर ते ताट नव्हतं.

"आई, मागं इंग्रजी लिवलेलं ताट कुटं हाय?"

"देवीच्या गावजेवणाला घराघरातनं ताटं नेली की. आपली वीस दिली हुती," बजाबाई म्हणाली. "एकोणीस परत आली."

"आन् विसावं?"



"त्याच्यावर आपलं नावच न्हवतं की रं. लोकांनी कुणाच्या दारात आणून द्यायचं?"