ओसरीच्या कड्या

चैत्रातलं ऊन चढायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात, म्हणून आम्ही सकाळीच गच्चीवर गेलो. ही सोऱ्या फिरवत होती, मी प्लास्टिकच्या कागदाची टोकं विटांनी दाबत होतो.

"आता तुम्ही रिटायर झालात की पुढच्या वर्षीच्या कुरडया गावच्या अंगणात," ही म्हणाली. "ओसरीवर झोपाळा असता, तर बसल्या बसल्या राखणही झाली असती."

"पुन्हा झोपाळा? या वयात झोके घ्यायचेत का?" गावी बांधत असलेल्या घराचा स्लॅब उद्या ओतायचा होता. मला आता नवीन काही नको होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती आई होणार होती! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या नव्या घरात. ही चिकाने माखलेले हात तसेच धरून रडायला लागली. मला मात्र एकदम स्लॅब आठवला. एकदा तो ओतला की पाळणा टांगायला कडी कुठून येणार? मी घाईघाईने गवंड्याला फोन लावला.

"सोपानराव, स्लॅबमध्ये कड्या सोडा."

"सोडल्यात की साहेब, ओसरीवर चार. वहिनींनी मागेच सांगितलं होतं. तुम्हाला स्लॅब ओतून झाल्यावर सांगणार होत्या."

मी हिच्याकडे पाहतच राहिलो. "तुला लेकीचं आधीच माहीत होतं?"

"छे हो, मला कुठून?" हिने कोपराने डोळे पुसले. "त्या आपल्या दोघांच्या झोपाळ्याच्या आहेत. पाळण्याच्या वेगळ्या सांगा."