सरावाचा चमचा

“मावशी, घरी जेवणाच्या चमच्यानं सराव घ्या. दाढेला हळूच टेकवा, म्हणजे मुलगा आमच्या दात तपासायच्या आरशाला भिणार नाही,” दंतवैद्यकाची विद्यार्थिनी संध्या नंदाबाईंना म्हणाली होती. त्यांच्या तिशीतल्या रामप्रसादची समज लहान मुलाएवढी. आईनं भरवलं तरच जेवायचा. वाटूर गावातल्या पुढच्या दंतशिबिरात तोच चमचा पाहून त्यानं हसत मोठा आ केला. किडकी दाढ काढायची होती. “भूल चढू द्या ना, सर,” संध्या म्हणाली. “बाहेर रांग बघ. हात धर त्याचे,” तिला शिकवणारे डॉक्टर सर म्हणाले आणि चिमटा आत घातला. संध्यानं हात धरले. तो ओरडत राहिला, आईच्या हातातल्या चमच्याकडे बघत. आठवड्यानं नंदाबाईंचा फोन आला. “मॅडम, दाढ बिलकुल दुखून न्हाई राह्यली, उपकार झाले तुमचे. पण चमचा दिसला की तोंड गच्च मिटून घेतो. मंग आता ह्याला भरवू कशानं?”